थोरलीचा टाक

जबलपूर,
१४ जानेवारी १९७३

तीर्थरूप ताईस,
गहिनीनाथाचा साष्टांग नमस्कार.

आज संक्रांत. इथल्या मराठी बायकांनी हळदीकुंकू ठेवलं होतं. एकीनं हातावर तिळाचा लाडू ठेवला. तो तोंडात टाकला आणि पुढचं कुणाचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. लाडू चांगला होता, पण त्यात आक्काचा हात नव्हता. आक्का गूळ फोडायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो. ती पदराआडून माझ्या तोंडात खडा सोडायची, तुला दिसू नये म्हणून. तुला दिसायचंच. मग तुलाही द्यायची आणि म्हणायची, "माझ्या वाटचा संपला आता. पळा."

ताई, मला आईचा चेहरा आठवत नाही. आई म्हटलं की मला आक्काचे गोंदलेले हात दिसतात. तिसगावच्या बाजारात ती मला कडेवर घेऊन हिंडायची. बायका हसायच्या, "मालनबाई, एवढा घोडा झालाय, उतरव की खाली." आक्का म्हणायची, "माझ्या कंबरंला जड न्हाई, तुमच्या डोळ्याला कशापायी जड होतोय?" मला गोवर आला तेव्हा लिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसलेली आक्का अजून दिसते. वडिलांची ती थोरली बहीण, पण वडिलांपेक्षा मला तीच जास्त आठवते. इथे परक्या मुलखात, परक्या भाषेत दिवस काढताना माणसाला दुसरा काय आधार असतो?

एक विनंती आहे. छबूचे दिवस मार्चमध्ये भरतात. दोन्ही पोरी लहान. छबूच्या आईला दमा, तिचं येण्याचं काही खरं नाही. आक्काला इथे पाठव. तिलाही तिकडच्या दुष्काळातून सुटल्यासारखं होईल, इथे नर्मदेचं पाणी आहे. काम असं काही पडणार नाही. सकाळचा चहा, पोरींच्या वेण्या, छबूचं आणि बाळाचं न्हाणं, दुपारी थोडं निवडटिपण. बाकी तिनं नुसतं बसावं. आमच्या कारखान्यातले एक गृहस्थ फेब्रुवारीत नगरला येत आहेत, परतताना ते तिला घेऊन येतील.

तुझ्या मोर्च्याची बातमी इथे येणाऱ्या पेपरात वाचली. शाळेची नोकरी आहे, जरा जपून.

तुझा,
गहिनी


घोडेगाव,
२५ जानेवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा ते आटलं. चहा, वेण्या, दोन न्हाणी, निवडटिपण, आणि बाकी तिनं नुसतं बसावं. गहिनी, ह्या सगळ्यात बसायचं कधी ते तू लिहिलं नाहीस. तिची साठी उलटून गेली हेही तुझ्या आठवणीत कुठे दिसलं नाही.

इकडचं विचारलंस ते एका ओळीत, म्हणून मीही थोडक्यात सांगते. घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या रांगा लागतात आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. माणसं बैलाचं दावं सोडतात आणि मागे न बघता घरी जातात. रेशनवर मिलो येते, परदेशातली तांबडी ज्वारी, तिची भाकरी थापताना फुटते आणि खाताना घशात अडते. बायका लेकरं पाठीला बांधून खडी फोडतात. त्यांना घेऊन मी कचेरीवर गेले, तर साहेब म्हणाले, पाऊस सरकारच्या हातात नाही. मी म्हटलं, पाऊस मागायला आम्ही देवळात गेलो असतो, तुमच्याकडे टँकर मागायला आलोय. पेपरात आलं ते एवढंच. नोकरीचं म्हणशील तर हेडमास्तरांनी मला बोलावून समज दिली आहे. मी ती घेतली नाही.

आता मुख्य गोष्ट. आक्का इथे नाही.

बाजाराच्या दिवशी सोनईची एक माळवंवाली आली होती. आक्का तिच्याकडून मिरच्या घेत होती. ती बाई बोलता बोलता म्हणाली, भीमरावाची भागूबाई गेली. आक्का मिरच्या न घेताच घरी आली.

"रतने, मला सोनईला जायाचंय. धाकलीचा दहावा हाय."

"कोण धाकली?"

"माझी सवत. दुसरी कोन?"

तुला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण तुझ्या आठवणींत ते कधी येत नाही. मूल होईना म्हणून त्या भीमरावानं आक्काला दिवाळीला माहेरी पाठवलं आणि न्यायला कुणी आलं नाही. वडील दोनदा सोनईला गेले आणि दोनदा उंबऱ्यावरून परत आले. वर्षाच्या आत त्यानं वैजापूरकडची भागूबाई केली. आपली आई गेली ती त्यानंतर, तू रांगत होतास. गाव म्हणायचं, भावानं बहिणीला ठेवून घेतलं. मी म्हणते, तिनं आपल्याला ठेवून घेतलं.

मी तिला म्हटलं, "ज्या घरानं तुला कचऱ्यासारखं बाहेर टाकलं त्या घरच्या दहाव्याला तू जाणार?"

"तिनं माझं काय वंगाळ केलं? माझ्या वाटच्या चुलीपुढं चाळीस वर्सं ती बसली. धूर तिनंच खाल्ला."

गहिनी, मी बोलले. बाईच्या जातीचा अपमान, तिचा कणा, तिचा हक्क, पुस्तकांत वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळं बोलले. कचेरीपुढे हजार बायका माझं बोलणं उभ्यानं ऐकतात. आक्का भाकरी थापत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? मग तव्यावरची उलथ."

दुसऱ्या दिवशी गेली. दहावा होऊन आठवडा झाला, परतली नाही. म्हणून तुझ्या त्या गृहस्थांना सांग, वाट पाहू नका.

तुझी,
ताई


जबलपूर,
६ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून मी सुन्न झालो. तू तिला जाऊ कशी दिलीस? एका म्हाताऱ्या बाईला एवढं अडवता येत नाही, आणि तू सरकारला अडवायला निघाली आहेस?

ती त्या माणसाची कोणी लागत नाही. ती आपली आई आहे. मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा ती बाहेर लिंबाखाली बसून राहायची, मी खिडकीतून बघितलं की हात हलवायची. मास्तर म्हणाले, बाई, घरी जा, पोरगं शिकेल आता. ती म्हणाली, "तुमी शिकवा की. मी काय तुमच्या फळ्याला टेकून बसलेय?" ह्या बाईला त्या सोनईवाल्यांनी एक दिवस तरी ओळखलं का? तिच्यावर आपला अधिकार आहे, त्यांचा नाही.

खरं सांगायचं तर मलाही राग आहे तो तुझ्यावर. नवरा गेल्यावर तू एकटी होतीस, आक्का तुझ्याकडे होती, म्हणून मी निश्चिंत होतो. तू दिवसभर शाळा आणि सभा करणार, घरी आल्यावर गरम भाकरी तयार. तुझं ठीक चाललं होतं. आता माझी वेळ आली तेव्हा ती नाही.

छबूचे पाय सुजले आहेत, डॉक्टरांनी तिला उभं राहू नको म्हटलंय. धाकटी पोरगी सारखी आजारी. मी सकाळी साताला कारखान्यात जातो. ताई, तू स्वतः सोनईला जा आणि तिला घेऊन ये. तिला माझं नाव सांग. गहिन्यानं बोलावलंय म्हटल्यावर ती जेवत्या ताटावरून उठेल.

तुझा,
गहिनी


घोडेगाव,
२६ फेब्रुवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद.

सोनईला जाऊन आले. तू म्हणालास ती जेवत्या ताटावरून उठेल. मी गेले तेव्हा ती ताटावरच होती. उठली नाही.

आधी जे पाहिलं ते सांगते. आमच्याकडे विहिरींचे तळ दिसतात, आणि पलीकडे सोनईत पाटाचं पाणी खेळतंय. भीमरावाच्या रानात ऊस उभा आहे. घरात गेले तर माजघरात आक्का पाटावर बसलेली, पुढे ताट, ताटात पुरणपोळी. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती. कुणाचंच पान मांडलेलं नव्हतं. थोरली सून मला म्हणाली, "थोरल्या आईंनी घास घेतल्याबिगार आमी जेवत न्हाई."

मला वाटलं चेष्टा करतात. मग सुनेनं मला देव्हाऱ्यापाशी नेलं. खंडोबा, भवानी, आणि त्यांच्या शेजारी चांदीचा एक छोटा टाक, बाईची आकृती ठोकून काढलेला. डोळे झिजले होते, इतकी वर्षं बोटानं कुंकू लावून लावून.

"ह्या आमच्या थोरल्या आई," ती म्हणाली.

तुला आता शहरात राहून विसर पडला असेल म्हणून लिहिते. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा असतो. नवं लुगडं आधी टाकापुढे, मग अंगावर. सणाचा पहिला घास टाकाला. मेलेलीची नजर लागू नये, तिचा आशीर्वाद राहावा, म्हणून. भीमरावानं आक्काला घालवलं तेव्हा वैजापूरवाले जित्या सवतीवर पोरगी द्यायला तयार नव्हते. मग त्यानं सोनाराकडून टाक करून आणला आणि सांगितलं, पहिली वारली. भागूबाईनं तो टाक मरेपर्यंत गळ्यात वागवला, ती गेल्यावर तो देव्हाऱ्यात आला. तिची मुलं आजारी पडली की थोरलीला नवस, वासरू झालं की थोरलीला खरवस. गावातल्या म्हाताऱ्यांना खरं माहीत होतं. ते बोलले नाहीत, कारण बाईची गोष्ट होती.

आणि दहाव्याच्या दिवशी ही अंगणात जाऊन उभी राहिली. थोरला मुलगा कानिफनाथ, तोही आता चाळिशीकडे आला, त्यानं विचारलं, "आजी, कोन पायजे?" ती म्हणाली, "कुनी न्हाई. मी थोरली." दहाव्याला जमलेल्या म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं. मग सगळ्यांनी पाय धरले. तेव्हापासून ताट चालू आहे.

मी ओसरीवर गेले. भीमराव बाजेवर पडलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी विचारलं, "जिवंत बाईचा टाक घडवताना तुमचा हात थरथरला नाही?"

"घडवला सोनारानं. कोन बोलतंय?"

"रतन विचारतेय. मालनबाईच्या भावाची मुलगी."

"टाक न्हाई केला तर ते पोरगी देत न्हवते."

"आणि पुढं? चाळीस वर्षं?"

तो बाजेवर कुशीवर वळला. मग म्हणाला, "पुढं काय. लोकं इसरली. मी बी इसरलो."

मी आयुष्यात खूप निर्लज्ज माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्या तोंडावर बोलले आहे. ह्या माणसापुढून मी निघून आले. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं एका बाईला मेलेली ठरवलं आणि मग त्याला तसंच वाटायला लागलं. मी कानिफनाथला म्हटलं, खटला घालते. तो म्हणाला, "घाला रतनताई. पन आमाला काय ठावं? आमच्या आईनं सांगितलं, आमी पाया पडलो."

मी आक्काला म्हटलं, ऊठ, गहिनीनं बोलावलंय, त्याच्या घरी बाळंतपण आहे. तिनं घास खाली ठेवला आणि ती नाही म्हणाली. आणखीही काही म्हणाली. ते मी इथे लिहीत नाही.

निघताना सून फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "गावातला भगत म्हनतो, जित्या बाईला आन तिच्या टाकाला एका छपराखाली ऱ्हाता येत न्हाई. घरादाराचा इनाश व्हतो. दोघांतलं एक गेलं पायजे."

"मग टाक नदीत सोडा. सोपं आहे."

तिनं तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगा ताई. त्या टाकाच्या पुन्याईनं तर आमच्या रानात पानी आलं."

गहिनी, मी ह्याचा विचार करत एस.टी.त बसले आणि मला भीती वाटली.

तुझी,
ताई


जबलपूर,
१८ मार्च १९७३

ती. ताईस,
सा. न.

छबू बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. छबूची आई शेवटी आली, दम्यासकट, आणि सगळं निभावलं. त्यामुळे आता आक्काची तशी घाई नाही.

तुझ्या पत्रावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, आपण तिच्या मनाविरुद्ध ओढाताण करू नये. शेवटी ते तिचं घर आहे. पहिला घास तिला मिळतोय हे वाचून समाधान वाटलं. तू तिथे जाऊन त्या आंधळ्या म्हाताऱ्याला टाकून बोललीस, ते मात्र बरं केलं नाहीस. खटला वगैरे काढू नकोस, नावाची चर्चा होते. भगतानं काहीबाही सांगितलं असेल, खेड्यातली माणसं बोलतात आणि विसरतात.

आक्काला कळव, मुलगी गोरी आहे.

तुझा,
गहिनी


घोडेगाव,
९ एप्रिल १९७३

चि. गहिनी,

घाईत लिहिते. काल कानिफनाथ शाळेत आला. हातात नारळ होता. त्याला वाटलं आक्का माझ्याकडे आहे, तिला द्यायला आणला होता.

त्यांच्याकडे शिमग्याला एक बैल मेला आणि पाठोपाठ सुनेचा गर्भ पडला. मग त्यांनी ठरवलं. आक्काला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, घरातल्या प्रत्येकानं पायावर डोकं ठेवलं आणि तिला घोडेगावच्या एस.टी.त बसवून दिलं. टाक देव्हाऱ्यात आहे. कानिफनाथ रडत होता. म्हणाला, "ताई, आमी दोघींना ठिवली असती, पन गाव ऐकंना."

ह्याला पंधरवडा झाला. ती माझ्याकडे आलीच नाही. मी तिसगावला निरोप धाडला, आपल्या वस्तीवरचं घर बंदच आहे. दवाखान्यात पाहिलं, स्टँडवर विचारलं. तुझ्याकडे आली आहे का? कुणाबरोबर, कशीही? लगेच कळव.

ताई


जबलपूर,
२० एप्रिल १९७३

ती. ताईस,
सा. न.

आक्का इथे आलेली नाही. ती एकटी एवढा लांब कशी येईल? तिला गाडी बदलणंसुद्धा जमायचं नाही.

पत्र आल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. ताई, मला वाईट शंका येते. ह्या उन्हात, ह्या वयात. तू पोलिसांत कळवलंस का? मी येणार होतो, पण नव्या साहेबांनी रजा नाकारली.

काय बाई होती. तिनं आपल्यासाठी काय केलं नाही? तिच्याएवढी माया पुढे कुणीच केली नाही, बायकोनंही नाही. छबूला मी हे तोंडावर सांगितलं. मी पोरींना रोज तिच्या गोष्टी सांगतो. त्यांनी तिला पाहिलेलं नाही, पण "आक्का" म्हटलं की त्या हात जोडतात.

मुलीचं बारसं धाकटीच्या आजारामुळे राहिलं होतं, ते आता वैशाखात करतोय. मी ठरवलंय, तिचं नाव मालन ठेवायचं. छबूला जुनं वाटतं, पण मी ऐकणार नाही. घरात रोज ते नाव ऐकू येईल. आक्का माझ्या घरी आल्यासारखीच होईल.

तुझा,
गहिनी


घोडेगाव,
१२ मे १९७३

चि. गहिनीनाथ यास,
ताईचे आशीर्वाद.

मुलीचं नाव मालन ठेवू नकोस. आक्का सापडली. जिवंत आहे.

तिसगावच्या पुढे पाझर तलावाचं काम चालू आहे, हजारभर माणूस मातीवर आहे. तिथल्या बायकांना प्यायला पाणी पुरेना म्हणून त्यांनी मला बोलवलं. मी भाषणाला गेले. बांधाच्या कडेला दोनचार बाभळी आहेत, त्यांना झोळ्याच झोळ्या टांगलेल्या. कामावरच्या बायकांची तान्ही. खाली फाटकं गोणपाट अंथरून त्यावर रांगती. आणि मधे आक्का, अंगावर तेच हिरवं लुगडं, मातीनं तांबडं झालेलं. एक पोर मांडीवर, एका झोळीची दोरी हातात, दुसरीची पायाच्या अंगठ्यात.

मी म्हटलं, "आक्का, इथे?"

"मग कुटं?"

"घोडेगावच्या स्टँडवर उतरलीस ना? माझं घर हाकेवर होतं."

"दिसत हुतं. खडीचा ट्रक इकडं येत हुता, त्यात बसले."

"मी तुला किती शोधलं. तू मेलीस असं वाटलं."

"त्येची आता सवं झाली मला."

ती हसली. मला हसता आलं नाही. मी तिच्याशेजारी मातीत बसले. म्हटलं, सोनईवाल्यांना मी सोडत नाही. ती म्हणाली, "सोड. त्यांना टाक पायजे हुता. टाक खोकत न्हाई, म्हातारा व्हत न्हाई, म्होरं बसून खायाला मागत न्हाई. माझ्या घरात मलाच ठिवायची झाली तर मी बी टाकच ठिवला असता."

गहिनी, त्या दिवशी सोनईत ती काय म्हणाली ते मी तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण तू तिच्या गोष्टी पोरींना सांगतोस, तर ही पण सांग. ती ताटावरून म्हणाली होती, "रतने, तुमच्या बापाच्या घरात मी सगळ्यांचं झाल्यावर जेवले. तुझ्या घरात तू सभंवरून येस्तवर थांबून जेवले. गहिन्याकडं जाऊन बी तसंच जेवनार. हितं मी मेलेली हाय, पन पयला घास माझा हाय. चार दिस खाऊ दे की." मी त्या वेळी रागानं निघून आले. मला वाटलं, ती गुलामगिरीत सुख मानते. मी ह्यावर भाषणही केलं, तिचं नाव न घेता. टाळ्या पडल्या.

आपण दोघांनी तिला आई म्हणून घेतलं. तू आठवणीत म्हटलंस, मी व्यासपीठावर. सोनईवाले अडाणी आहेत, त्यांनी चांदीचा पत्रा केला. तू शिकलेला आहेस, तू आठवणी केल्यास आणि पोरींना हात जोडायला लावलंस. जिवंत बाई म्हणून तिच्यापुढे कोणीच पान मांडलं नाही. मला तुझा राग येतो आणि मग भाकरी खाताना तोच राग उलटा फिरतो. ह्या बाईच्या कष्टाला माया म्हटलं की तिला काही द्यावं लागत नाही. ही लबाडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिला आता लबाडी म्हणायचीही लाज वाटते.

मी तिला घरी चल म्हटलं. "तुला काम सांगणार नाही. बसून राहा."

"बसलेल्या मानसाला घर किती दिस धरतं? म्हैस आटली की तिच्याकडं कसं बगत्यात ते तू बाजारात बगतीस की."

"मी तशी नाही, आक्का."

"तू न्हाईस. तू लई चांगली हाईस. पन तू घरी नसतीस."

मग मी तिला तुझ्या मुलीचं सांगितलं. गोरी आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. नाव मालन ठेवणार म्हटल्यावर झोळीची दोरी तिच्या हातातून सुटली. पोर रडायला लागलं. तिनं आधी त्याला घेतलं, उगी केलं, मग म्हणाली, "मी गेले असं कळवलंस काय त्याला?"

"नाही."

"मग जित्या मानसाचं नाव लेकराला कसं ठिवतो त्यो? येवडा शिकला, आन येवडं त्याला ठावं न्हाई?" तिनं पोर परत झोळीत ठेवलं. "त्याला म्हनावं, दुसरं एकादं ठिव. छबीला आवडंल असं. माझं नाव मला हितं रोज लागतंय."

मला कळलं नाही. मी पुन्हा घरी चलण्याचा विषय काढला, उन्हाचं सांगितलं, तिच्या वयाचं सांगितलं. तेवढ्यात बांधावर शिट्टी झाली. दिवस मावळायला आला होता. बायका घमेली टाकून धावत आल्या, जिनं तिनं आपापलं पोर उचललं. एकीनं तर माझ्याकडे न बघताच आक्काला सांगितलं, "म्हातारे, उद्या ह्याला ताक पाज, पोट बिगाडलंय." आक्का म्हणाली, "आधी तू मिलो खायाची सोड." बाई हसत गेली.

मुकादमानं मजुरीचा हजेरीपट घेऊन खुर्ची मांडली होती. बायकांची रांग लागली. आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेले. माझं भाषण अजून व्हायचं होतं, माणसं माझी वाट पाहत होती. मुकादम एकेकीला विचारत होता आणि पटावर मांडत होता. माती, माती, दगड, माती. मग तिचा नंबर आला.

"नाव?"

"मालनबाई."

"काम?"

"पोरं सांभाळली."

त्यानं ते मांडलं. तिनं ते मांडताना नीट बघितलं, आणि मग बाजूला झाली.

तुझी,
ताई